हेग्गडदेवनकोट्याची शिडी

सरकारी प्राथमिक शाळेची कामगिरी मोजायची झाली की भारतात सहसा एकच प्रश्न विचारला जातो: पाचवीतल्या किती मुलांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचता येतो? प्रश्न रास्त आहे आणि त्याची उत्तरे गेली वीस वर्षे अस्वस्थ करणारीच येत आहेत. तथापि शाळा चांगली चालते तेव्हा आत काय घडत असते, ती कोणाच्या बळावर चालते आणि चालता चालता का थबकते, हे या एका प्रश्नातून कळत नाही. त्यासाठी एखादा जिल्हा घेऊन तेथील शाळांचा इतिहास, मुलांची घरे, शिक्षकाच्या हातातले अधिकार आणि मोजमापाच्या रीती यांचा एकत्र विचार करावा लागतो. कर्नाटकातील म्हैसूर जिल्हा या विचारासाठी विशेष उपयोगी आहे, कारण मूल वाचायला कसे शिकते या प्रश्नावर देशात झालेल्या महत्त्वाच्या प्रयोगांपैकी एक याच जिल्ह्यातील जंगलकाठच्या तालुक्यात, सरकारी शाळांतील सामान्य शिक्षकांच्या हातून घडला; तो पुढे राज्यभर गेला, आणि जाताना बदलला.

महाराष्ट्राला म्हैसूर परिचित आहे ते राजवाडा, दसरा, चंदन आणि रेशीम यांमुळे. शिक्षणक्षेत्रात मात्र या शहराचे स्थान वेगळे आहे. संस्थानी मुलखातील पहिले विद्यापीठ १९१६ साली येथे स्थापन झाले. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची, म्हणजे एनसीईआरटीची, दक्षिणेकडील राज्यांसाठी शिक्षक घडवणारी प्रादेशिक शिक्षण संस्था १९६३ पासून येथे आहे. भारतातील लहानमोठ्या सर्व भाषांचा अभ्यास करणारे केंद्र सरकारचे भारतीय भाषा संस्थान १९६९ पासून येथेच काम करीत आहे, आणि जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षकांना सेवांतर्गत प्रशिक्षण देणारी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, जिला महाराष्ट्राप्रमाणेच तेथेही ‘डाएट’ म्हणतात, ती वसंत महाल या जुन्या राजवास्तूत आहे. एवढ्या संस्था एका शहरात असूनही २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता ७२.७९ टक्के, म्हणजे राज्याच्या ७५.३६ टक्क्यांहून कमी होती. राजधानीचा मान शतकानुशतके मिरवलेल्या प्रदेशात ही तफावत का राहिली, याचे उत्तर शहरात नाही. ते तालुक्यांत आहे.

शाळा गावापर्यंत नेण्याचा विचार म्हैसूर संस्थानात लवकर सुरू झाला होता. संस्थान इंग्रज आयुक्तांच्या कारभाराखाली असताना, १८६८ साली, पुढे शिलालेखांच्या संपादनामुळे इतिहासकारांत प्रसिद्ध झालेले बेंजामिन लुइस राइस यांनी ‘होबळी शाळां’ची योजना आणली. होबळी म्हणजे काही गावांचा मिळून केलेला महसुली गट. अशा प्रत्येक गटात एक शाळा असावी, तिच्या इमारतीची सोय लोकांनी करावी आणि शिक्षक सरकारने द्यावा, अशी ती कल्पना होती. महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणाला अग्रक्रम मागणारे निवेदन दिले ते १८८२ साली, हे लक्षात घेतले म्हणजे होबळी योजनेचे आगळेपण कळते. पण १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने हा मुलूखच उद्ध्वस्त केला. १८७१ साली ५० लाखांवर असलेली संस्थानची लोकसंख्या १८८१ साली ४२ लाखांच्या आत आली होती, आणि जिथे माणसेच उरली नाहीत तिथे शाळा कोणासाठी उरणार होती?

१८८१ साली राज्य वडेयर घराण्याकडे परत आले आणि त्यानंतर विस्ताराचा दुसरा टप्पा आला. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली सक्तीचे शिक्षण संस्थानभर लागू केले होते. गोपाळ कृष्ण गोखले यांचे १९११ चे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळाने पुढच्या वर्षी फेटाळले. कोल्हापुरात शाहू महाराजांचा कायदा १९१७ चा. म्हैसूरने याच काळात, १९१३ साली, प्राथमिक शिक्षणाचा कायदा करून निवडक केंद्रांत सक्ती आणली. दिवाणपदी तेव्हा मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या होते आणि गादीवर नाल्वडी कृष्णराज वडेयर. १९१५ साली अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना सरकारी शाळा खुल्या करण्याचा निर्णय झाला, त्याला विरोधही झाला, पण संस्थान मागे हटले नाही. बडोदा आणि म्हैसूर यांची नावे शिक्षणाच्या इतिहासात जोडीने घेतली जातात ती याचमुळे, आणि तो मान सार्थ आहे. मात्र सक्ती निवडक केंद्रांपुरती असल्याने तिचा लाभ मुख्यतः मोठ्या गावांना मिळाला. कपिला नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या वाड्या आणि जंगलातल्या हाड्या, म्हणजे आदिवासी वस्त्या, त्या नकाशात कडेलाच राहिल्या.

आजच्या शाळांची रचना महाराष्ट्रातल्या वाचकाला ओळखीची वाटेल, तरी एक फरक सांगायला हवा. ज्या शाळेला महाराष्ट्रात ‘झेडपीची शाळा’ म्हणतात ती कर्नाटकात ‘सरकारी शाळा’ असते आणि तिचा शिक्षक राज्याच्या सार्वजनिक शिक्षण खात्याचा नोकर असतो. पहिली ते पाचवीच्या शाळेला ‘किरिय प्राथमिक’ म्हणजे कनिष्ठ आणि पहिली ते सातवी किंवा आठवीच्या शाळेला ‘हिरिय प्राथमिक’ म्हणजे वरिष्ठ प्राथमिक शाळा म्हणतात. तालुक्याला एक क्षेत्र शिक्षणाधिकारी असतो आणि काही शाळांच्या गटामागे, आपल्याकडील केंद्रप्रमुखासारखा, ‘सीआरपी’ असतो. पट कमी असलेल्या कनिष्ठ प्राथमिक शाळेत दोन शिक्षक पाच वर्ग सांभाळतात, काही ठिकाणी एकच. रिकाम्या जागा जूनमध्ये ‘अतिथी शिक्षक’ नेमून भरल्या जातात आणि ते वर्ष संपताच जातात. बहुवर्ग अध्यापन, म्हणजे एकाच खोलीत एकाच वेळी अनेक इयत्तांना शिकवणे, हा येथे अपवाद नाही, तो लहान शाळेचा नेहमीचा दिवस आहे, आणि क्रमिक पुस्तक मात्र प्रत्येक इयत्तेला स्वतंत्र खोली व स्वतंत्र शिक्षक आहे असे धरूनच लिहिलेले असते.

या विसंगतीची सर्वांत तीव्र झळ हेग्गडदेवनकोटे तालुक्याला बसत होती. ‘एच. डी. कोटे’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा हा तालुका नागरहोळे आणि बंडीपूर या दोन अरण्यांच्या कुशीत आहे. त्याचा सरगूर हा भाग अलीकडे स्वतंत्र तालुका झाला. कपिलेवर १९७४ साली कबिनी धरण पूर्ण झाले तेव्हा अनेक गावे पाण्याखाली गेली, आणि व्याघ्रप्रकल्पाच्या संरक्षणासाठी जेनु कुरुब व बेट्ट कुरुब या आदिवासी जमातींची कुटुंबे जंगलातून बाहेर आणली गेली. मध गोळा करणे हा ज्यांचा परंपरागत व्यवसाय, त्या जेनु कुरुबांना हाताला काम म्हणून शेजारच्या कोडगू जिल्ह्यातील कॉफीच्या मळ्यांचा रस्ता धरावा लागला. कॉफीच्या तोडणीच्या हंगामात घरची सगळी माणसे मळ्यावर गेली की मूलही जाते. त्यातच हुणसूर, पेरियापट्टण आणि कोटे या पट्ट्यात सिगारेटच्या तंबाखूची लागवड मोठी आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात पाने खुडून भट्टीत भाजण्याचे काम सुरू झाले की शेतकऱ्यांच्या घरातली मुलेही त्या कामाला जुंपली जातात. अशा मुलासाठी शाळेचे वर्ष सलग नसते. ते दोन महिन्यांनी परत येते तेव्हा वर्ग सातव्या धड्यावर गेलेला असतो आणि ते स्वतः तिसऱ्यावर असते. शिक्षकाला मागे वळायला वेळ नसतो आणि मुलाला पुढे उडी घेता येत नाही. गळती, म्हणजे शाळा मध्येच सुटणे, ही बऱ्याचदा एका दिवसाची घटना नसून अशा न जुळलेल्या धड्यांची बेरीज असते.

१९९५ साली युनिसेफच्या साहाय्याने या तालुक्यातील शिक्षकांचा एक छोटा गट तेव्हाच्या चित्तूर जिल्ह्यातील ऋषीव्हॅलीला गेला. जे. कृष्णमूर्ती यांनी स्थापन केलेल्या तेथील शाळेने आसपासच्या खेड्यांत एकशिक्षकी उपशाळा चालवल्या होत्या आणि त्यांच्यासाठी क्रमिक पुस्तकाऐवजी कार्डांची पद्धत बसवली होती. कोट्याच्या शिक्षकांनी ती पाहिली, पण उचलून आणली नाही. परत आल्यावर त्यांनी कन्नड भाषा, गणित आणि परिसर या विषयांतील पाठ्यक्रम स्वतः उलगडला, त्याचे लहान लहान टप्पे केले, आपल्या भागातली गाणी, गोष्टी, कोडी आणि खेळ त्यांत गुंफले आणि प्रत्येक टप्प्यासाठी कार्डे तयार केली. आनंदाने शिकणे असा अर्थ असलेले ‘नलि-कलि’ हे नाव या पद्धतीला मिळाले.

तिची यंत्रणा समजून घेण्याजोगी आहे, कारण आनंददायी शिक्षण या शब्दांतून जो गाण्या-नाचण्याचा बोध होतो त्यापेक्षा ती बरीच काटेकोर आहे. भिंतीवर ‘शिकण्याची शिडी’ टांगलेली असते. तिच्या पायऱ्या म्हणजे क्रमाने येणाऱ्या कृती, आणि ठरावीक पायऱ्यांनंतर एक मैलाचा दगड. प्रत्येक कृतीला चित्रखूण असते, त्यामुळे वाचता न येणाऱ्या मुलालाही आपले पुढचे कार्ड कोणत्या खणातून काढायचे ते कळते. मुले इयत्तेप्रमाणे न बसता ‘तट्टे’ म्हणजे ताट अशा नावाच्या पाच गटांत बसतात: शिक्षकाची पूर्ण मदत लागणारा, थोडी मदत लागणारा, सोबत्यांची पूर्ण मदत घेणारा, थोडी घेणारा आणि स्वतःचे स्वतः शिकणारा. एखादी संकल्पना नवी असताना मूल पहिल्या ताटाशी असते आणि ती पक्की होत जाते तसे पाचव्याकडे सरकते, मग पुढच्या संकल्पनेसाठी पुन्हा पहिल्याकडे येते. शिक्षक खडू घेऊन फळ्यासमोर उभा नसतो. तो पहिल्या ताटाशी जमिनीवर बसलेला असतो. मुलांच्या उंचीला पोचेल असा काळा पट्टा भिंतीवर रंगवून त्याचे भाग केलेले असतात, आणि छताखाली ताणलेल्या दोऱ्यांच्या ‘छप्परा’ला मुलांनीच केलेली चित्रे आणि कागदकाम लटकत असते. परीक्षा वेगळी नसते, कारण प्रत्येक टप्प्याच्या शेवटचे कार्ड हीच तपासणी असते आणि तिची नोंद प्रगतीच्या तक्त्यावर होते.

अक्षरओळखीचा क्रमही वर्णमालेचा नाही. नलि-कलीच्या कन्नड साहित्यात मूल पहिल्यांदा र, ग, स, द, अ ही पाच अक्षरे शिकते. कन्नड लिपीत ती काढायला सोपी आहेत, आणि एवढ्या पाच अक्षरांतून ‘सर’ म्हणजे माळ, ‘अरस’ म्हणजे राजा, ‘गरगस’ म्हणजे करवत, आणि म्हैसूरच्या कोणत्याही मुलाला सांगावा न लागणारा ‘दसर’, म्हणजे दसरा, असे शब्द लगेच वाचता येतात. ‘अ’पासून ‘ळ’पर्यंत सगळी अक्षरे घोकून झाल्यावर पहिला शब्द वाचणारे मूल आणि पाच अक्षरांनंतर चार शब्द वाचणारे मूल यांच्या मनात वाचन या गोष्टीबद्दल वेगवेगळी समजूत तयार होते. पहिल्याला ते ओझे वाटते, दुसऱ्याला आपल्या हाती आलेली शक्ती.

या सगळ्यात कोट्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट ही की कॉफीच्या मळ्यावरून दोन महिन्यांनी परतलेले मूल ज्या पायरीवर होते तेथूनच पुन्हा सुरुवात करू शकत होते. मागे पडणे या कल्पनेलाच या रचनेत जागा नव्हती. मुलाने शाळेच्या वेळापत्रकाशी जुळवून घ्यावे ही अपेक्षा उलटवून शाळेने मुलाच्या आयुष्याशी जुळवून घेतले, आणि हे एखाद्या खासगी प्रयोगशाळेत नव्हे, सरकारी पगारावरच्या बदलीपात्र शिक्षकांनी सरकारी खोल्यांत करून दाखवले. मराठी वाचकाला येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची आठवण होणे स्वाभाविक आहे; १९४५ साली बोर्डी येथे सुरू होऊन पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलेल्या त्यांच्या कामातही वारली मुले शाळेत येत नाहीत तर शाळा कुरणावर गुरांमागे न्यावी, हाच विचार होता. दोन्ही ठिकाणी शाळेत न येणाऱ्या मुलाचा दोष न काढता शाळेची घडी बदलली गेली.

जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाच्या काळात नलि-कलि इतर तालुक्यांत आणि जिल्ह्यांत पसरली. पुढे शिक्षण हक्क कायद्याच्या घडणीत केंद्रात महत्त्वाचा वाटा उचललेल्या कर्नाटक केडरच्या अधिकारी अनिता कौल यांचे पाठबळ या पद्धतीला त्या काळात मिळाले होते. २००९-१० मध्ये राज्य सरकारने पहिली व दुसरीच्या सर्व कन्नड माध्यमाच्या सरकारी वर्गांना ती लागू केली आणि नंतर तिसरीही तीत आणली. एका मागास तालुक्यातील शिक्षकांची कृती हजारो शाळांची अधिकृत पद्धत होणे ही भारतीय शिक्षणव्यवस्थेत क्वचित घडणारी गोष्ट आहे, आणि तिचे श्रेय कर्नाटकाला द्यायलाच हवे.

परंतु जे राज्यभर गेले ते कार्ड, शिडी आणि ताटे. कोट्याच्या शिक्षकांनी पाठ्यक्रम स्वतः उलगडताना जी समज मिळवली ती आदेशाबरोबर जाऊ शकली नाही. कार्डे आता वर तयार होऊन खाली येऊ लागली. ती फाटली, हरवली किंवा जूनऐवजी उशिरा आली तर शिक्षकाने थांबून राहायचे. आपल्या गावाची गोष्ट त्यांत नाही म्हणून नवे कार्ड लिहायचा अधिकार आपल्याला आहे असे त्याला कोणी सांगितले नाही. ज्याने पद्धत घडवली त्याला पायरी ओलांडायची मुभा केव्हा द्यायची ते कळत असे; ज्याला ती हातात दिली गेली त्याच्यासाठी शिडी हाही एक नमुना ठरला, भरायच्या तक्त्यांपैकी आणखी एक. तिसरीपर्यंत स्वतःच्या गतीने शिकलेले मूल चौथीत पाऊल टाकताच पुन्हा क्रमिक पुस्तकापुढे बसवले जाते, ही उणीव तर रचनेतच राहिली. पालकांचीही तक्रार असे की मुले नुसती खेळतात, वहीत काही लिहून आणत नाहीत. त्यांना समजावण्याचे काम एका शिक्षकाने तीन इयत्ता सांभाळून करायचे होते.

महाराष्ट्रातही असेच घडलेले आहे. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये शिक्षकांनी ज्ञानरचनावादाच्या, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचते या विचाराच्या आधारे वर्ग बदलले, राज्यभरातून शिक्षक ते पाहायला आले, २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या शासन निर्णयाने त्या हालचालीला वेग दिला, आणि पुष्कळ ठिकाणी तिचे अनुकरण फरशीवर रंगवलेल्या आखणीपाशीच थांबले. दोन्ही राज्यांचा अनुभव एकच सांगतो: शिक्षकाने शोधलेली पद्धत दुसऱ्या शिक्षकाला पोचवायची असेल तर त्याला शोधण्याचीही संधी द्यावी लागते.

आता मोजमापाकडे वळता येईल. ग्रामीण भारतातील मुलांच्या वाचन-गणिताची सर्वांत परिचित पाहणी म्हणजे ‘असर’. ती २००५ पासून ‘प्रथम’ ही संस्था करते, जिची सुरुवात मुंबईच्या वस्त्यांत माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांनी केली. प्रत्येक ग्रामीण जिल्ह्यातून ३० गावे आणि प्रत्येक गावातून २० घरे निवडून स्वयंसेवक मुलाच्या घरी जातात आणि त्याला अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट एकेक करून वाचायला देतात. देशभरातील सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीची गोष्ट वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये २०.९ टक्के, २०२२ मध्ये १६.३ टक्के आणि २०२४ मध्ये २३.४ टक्के होती; पाचवीत हेच प्रमाण अनुक्रमे ४४.२, ३८.५ आणि ४४.८ टक्के होते. २०२२ च्या पाहणीत कर्नाटकाचे आकडे देशाच्या सरासरीच्याही खाली होते. त्याआधी कोविडच्या साथीत शाळा जवळजवळ दीड वर्ष बंद होत्या; ऑगस्ट २०२० मध्ये शिक्षकांनी वस्त्यांत जाऊन शिकवण्याचा ‘विद्यागम’ उपक्रम सुरू झाला तो ऑक्टोबरमध्ये साथीच्या भीतीने थांबवावा लागला, आणि पहिली ते पाचवीचे वर्ग २५ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा उघडले. त्यानंतरच्या वर्षी ‘कलिका चेतरिके’ नावाने शिकण्याची भरपाई करणारा कार्यक्रम घेतला गेला.

केंद्र सरकारची स्वतंत्र मापे आहेत: नोव्हेंबर २०२१ मधील राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण आणि डिसेंबर २०२४ मधील ‘परख’ सर्वेक्षण. ही शाळेत, निवडलेल्या वर्गांत, बहुपर्यायी प्रश्नांनी होतात, तर असर घरी, तोंडी होते. त्यामुळे दोन्हींचे आकडे एकमेकांशेजारी मांडून जिल्ह्याला उत्तीर्ण किंवा नापास ठरवणे चूक आहे. त्याहून मोठी अडचण अशी की या सर्व पाहण्या मूल कोणत्या पायरीवर आहे ते सांगतात, ते किती पायऱ्या चढून आले ते सांगत नाहीत. हाडीवरचे मूल पहिलीत येते तेव्हा त्याला कन्नड पुरती कळत नसते, त्याच्या घरात पुस्तक नसते, आणि तिसरीपर्यंत ते परिच्छेद वाचू लागले तर त्या शाळेने जे केले ते म्हैसूर शहरातील बालवाडीतून तयार होऊन आलेल्या मुलाला गोष्ट वाचायला लावणाऱ्या शाळेपेक्षा कमी नाही, बहुधा जास्तच आहे. नलि-कलीचा प्रगतीचा तक्ता हे चढणे मोजतो. जिल्ह्याच्या प्रत्येक शाळेत असे तक्ते वर्षानुवर्षे भरले जात असताना कामगिरीची सार्वजनिक चर्चा मात्र बाहेरून आलेल्या एका दिवसाच्या चाचणीवरच चालते, ही या विषयातील सर्वांत खेदाची गोष्ट म्हटली पाहिजे.

उलट दिशेने ओढणारी शक्तीही आहे. राज्य सरकारने पाचवी आणि आठवीला बोर्डासारख्या परीक्षा आणल्या, त्यावरून उच्च न्यायालयात अनेक फेऱ्या झाल्या आणि एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल जाहीर करण्यास मनाई केली. दहा वर्षांच्या मुलाला राज्यस्तरीय प्रश्नपत्रिकेपुढे बसवून शाळा सुधारेल ही समजूत, ज्या जिल्ह्यात परीक्षेविना प्रत्येक मुलाची प्रत्येक पायरी नोंदवण्याची रीत जन्मली, तेथे तरी टिकायला नको होती.

भाषेचा प्रश्न यापेक्षा खोल आहे. जेनु कुरुबांची बोली कन्नडच्या जवळची असली तरी पाठ्यपुस्तकाची कन्नड ती नव्हे, आणि पहिलीच्या मुलाला हा फरक परक्या भाषेइतकाच जाणवतो. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाचा आग्रह ज्यांनी आयुष्यभर धरला ते देबीप्रसन्न पटनायक म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाचे संस्थापक संचालक होते. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची सोय द्यावी असे राज्यघटनेचा ३५०-अ हा अनुच्छेद सांगतो, आणि बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी माध्यमाच्या सरकारी शाळांसाठी मराठी माणूस ज्या हक्काने बोलतो तो हाच. त्याच खात्याच्या अखत्यारीतील जेनु कुरुब मुलाला तो हक्क कागदावरही पोचलेला नाही, कारण त्याच्या बाजूने बोलणारा मोठा समाज नाही. आपल्या भाषेच्या शाळेसाठी झगडणाऱ्यांनी या मुलाचाही विचार करावा, ही अपेक्षा गैर नाही.

दुसऱ्या टोकाला इंग्रजीची ओढ आहे. मातृभाषेचे माध्यम खासगी शाळांवर सक्तीचे करता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली कर्नाटकाच्याच प्रकरणात सांगितले. २०१९ पासून राज्याने निवडक सरकारी शाळांत पहिलीपासून इंग्रजी माध्यमाच्या तुकड्या उघडल्या. तंबाखूच्या पिकात चार पैसे मिळाले की पिवळ्या बसने खासगी शाळेत मूल पाठवणारा शेतकरी सरकारी शाळेशी वैर करीत नसतो. त्याला मुलासाठी जे हवे ते तेथे दिसत नाही. पट घसरला की शिक्षक कमी होतात, शिक्षक कमी झाले की पट आणखी घसरतो, आणि शेवटी शाळा जवळच्या मोठ्या शाळेत विलीन करण्याचा प्रस्ताव येतो. जंगलकाठच्या वस्तीला तो प्रस्ताव म्हणजे हत्तींच्या वाटेवरून मुलांची पायपीट.

शाळेत काही गोष्टी निश्चित सुधारल्या आहेत. ‘अक्षर दासोह’ ही दुपारच्या जेवणाची योजना २००२ पासून टप्प्याटप्प्याने राज्यभर गेली, ऑगस्ट २०१३ पासून ‘क्षीरभाग्य’ योजनेतून दूध मिळू लागले, आणि अलीकडे अंडे व नाचणीची लापशी यांची भर पडली. २००१ च्या आदेशाने पालकांच्या शाळा विकास व देखरेख समित्या, ज्यांना तेथे एसडीएमसी म्हणतात, स्थापन झाल्या. महाराष्ट्रातील शाळा व्यवस्थापन समित्यांचे ते जवळचे रूप आहे. जेथे समितीत बायका बोलतात तेथे पाणी, स्वच्छतागृह आणि शिक्षकाची हजेरी यांवर लक्ष राहते. पण मूल कोणत्या पायरीवर आहे, हा विषय समितीच्या सभेत येतच नाही, कारण तो तक्ता वाचायला पालकांना कोणी शिकवलेले नाही.

म्हैसूर जिल्ह्याला नवी पद्धत शोधायची गरज नाही. ती त्याच्याजवळ आहे आणि ती घडवण्याची कुवत त्याच्या शिक्षकांनी सिद्ध केलेली आहे. गरज आहे ती त्या शिक्षकांच्या हाती कार्डे बदलण्याचा अधिकार पुन्हा देण्याची. दरवर्षी दसऱ्याच्या सुट्टीनंतर प्रत्येक तालुक्यातील शिक्षकांनी एकत्र बसून चालू न शकलेली कार्डे काढून टाकावीत, नवी लिहावीत, जेनु कुरुब बोलीतून कन्नडकडे नेणाऱ्या पहिल्या पायऱ्या भाषा संस्थानातील अभ्यासकांबरोबर बसून रचाव्यात, चौथी-पाचवीसाठी शिडी पुढे वाढवावी आणि हे काम डाएटने आपले पहिले कर्तव्य मानावे. रिकाम्या जागांवर कायम शिक्षक नेमण्याची आणि दोन शिक्षकांची शाळा वस्तीपासून न हलवण्याची जबाबदारी सरकारची आहे. प्रत्येक समितीच्या सभेत प्रगतीचा तक्ता भिंतीवरून काढून पालकांपुढे ठेवावा आणि तो त्यांना वाचून दाखवावा. महाराष्ट्रातील जे शिक्षक आणि अधिकारी बहुवर्ग शाळांच्या प्रश्नाशी झुंजत आहेत त्यांनी हेग्गडदेवनकोट्याला एकदा अवश्य जावे, आणि तेथील शिक्षकांना ही कार्डे सर्वांत प्रथम कोणी व कशी लिहिली ते विचारावे.